खाणीतून परत येणारी गाडी

दादाच्या कपाटात वरच्या फळीवर ते खोकं दीड वर्ष पडून होतं, आणि त्याला हात लावायची धाकट्याची छाती होत नव्हती. खोक्यात एक गाडी होती. म्हणजे अजून झालेली नव्हती. तीनशेच्या वर सुटे भाग, बारीक स्क्रूंच्या बारा पिशव्या आणि आकृत्यांचं एक पुस्तक. जोडली की हातभर लांबीचा ट्रक तयार होणार, रिमोटवर चालणारा, दगडधोंड्यांवर चढणारा. हौशी मंडळी त्याला क्रॉलर म्हणतात. क्रॉलर पळत नाही. पळणाऱ्या गाड्यांना दादा पोरखेळ म्हणायचा. क्रॉलर मुंगीच्या पावलांनी दगडाला चिकटून वर सरकतो, एक चाक हवेत गेलं तरी बाकीची तीन त्याला सांभाळून घेतात, आणि चालवणारा माणूस पाठीला रग लागेपर्यंत ओणवा होऊन त्याच्या मागे फिरतो. ह्यात काय मजा आहे असं ज्याने विचारलं, त्याच्याशी दादा पुन्हा त्या विषयावर बोलत नसे.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी दादा आपला जुना क्रॉलर घेऊन गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गेला, आणि त्याच दुपारी खाणीची एक भिंत खाली आली. त्याची मोटार फाटकापाशी उभी होती, आत पाण्याची अर्धी बाटली होती. नऊ दिवस खणलं. दहाव्या दिवशी वरची उरलेली भिंत कुरकुरायला लागली आणि खाणखात्याच्या साहेबांनी माणसं मागे घेतली. दादा सापडला नाही, त्याचा क्रॉलर सापडला नाही, साधी चप्पलसुद्धा सापडली नाही.

मग लोकांची तोंडं सुटली. मोटार तिथे ठेवून पठ्ठ्या निघून गेला, म्हणे. एकटा नाही गेला, म्हणे. वहिनी पोस्टात खिडकीवर बसायच्या. रांगेतली माणसं तिकिटं घेता घेता त्यांच्याकडे जी नजर टाकायची, ती धाकट्याने एकदा पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. वहिनी मात्र शिक्के मारत राहायच्या.

आता त्याच खात्याच्या कचेरीची नोटीस आली होती. उरलेली भिंत खालच्या रस्त्यावर येण्याआधी तो सगळा ढिगारा काँक्रीट ओतून कायमचा बंद करायचा. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी पंप लागणार. फक्त घरच्यांची सही हवी.

"भाऊजी, सही करायला माझी ना नाही," वहिनी म्हणाल्या. "पण आधी मला कळलं पाहिजे. हे दगडाखाली आहेत, की मला सोडून गेलेत? दोन्ही मी सोसेन. पण कुठलं सोसायचंय ते तरी कळू दे."

त्या संध्याकाळी धाकट्याने खोकं उतरवलं.

धाकटा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा आपल्या खोलीत बसून कुणाच्या वरच्या, कुणाच्या खालच्या कवळ्या घडवायचा. केसभर उंच दात असला तर माणूस जेवताना रडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून चुकलेलं काम पुढे ढकलणं त्याच्या रक्तात नव्हतं. बायको वैतागायची. "दात घरी आणत होतास ते कमी होतं, आता चाकंही आण," ती म्हणाली, आणि जेवणाचं टेबल त्याला मोकळं करून दिलं.

आठ दिवस तो त्या टेबलावर बसला. आधी दोन्ही आस जोडले, त्यांच्या पोटातले गिअर ग्रीस लावून बसवले. मग चौकट, मग चार शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, त्यांत तेल भरून बुडबुडे निघेपर्यंत उभे ठेवले. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला ढिला होऊ नये म्हणून निळ्या गोंदाचा एकेक थेंब, अगदी पुस्तकात सांगितला तसा. मेण कोरायच्या सुरीने त्याने टायरांच्या कडा साफ केल्या. शेवटी टपावर छोटा दिवा आणि मागे नायलॉनच्या दोरीचं रीळ बांधलं. बेत साधा होता. ढिगाऱ्याच्या फटींतून माणूस जाऊ शकत नव्हता, कुत्रा जाऊ शकत नव्हता, पण क्रॉलर जाऊ शकत होता. दिव्यावर, दोरीवर, कशावर तरी काही खूण मिळेल. मिळाली नाही तर निदान आपण प्रयत्न केला, एवढं तरी वहिनींना सांगता येईल.

शनिवारी सकाळी तो आणि वहिनी खाणीत गेले. फाटकावरचा पहारेकरी त्यांना आत सोडून स्वतः बाहेरच थांबला. "मी त्या बाजूला पाय टाकत नाही," तो म्हणाला. "का?" असं धाकट्याने विचारलं तर त्याने पाण्याचा घोट घेतला.

ढिगाऱ्याच्या तळाशी दोन मोठ्या दगडांमध्ये गुडघ्याएवढी फट होती. धाकट्याने गाडी आत घातली. चार हातांवर ती कलंडली, दिवा छताकडे गेला, चाकं हवेत फिरायला लागली. दोरी ओढली तर दोरी तुटली. अर्धा तास तो आत हात घालून पडला होता. खांद्यापर्यंत हात गेला, पण बोटांना नुसती थंड हवा लागली. बंद ढिगाऱ्यातून वारा कसा येतो, हे त्याला तेव्हा सुचलं नाही. आठ दिवसांची मेहनत चार हातांत बुडाली म्हणून तो स्वतःवर चिडला होता.

रविवारी सकाळी तो एकटाच लांब काठी घेऊन आला. गाडी फटीच्या तोंडाशी उभी होती. सरळ, चारही चाकांवर, तोंड बाहेर करून. मागच्या हौद्यात तुटलेली दोरी आठाच्या आकारात गुंडाळून ठेवली होती.

पहारेकऱ्याला विचारलं तर तो हात जोडायच्या बेतात आला. "अहो, मी बोटसुद्धा घालत नाही तिथे."

धाकटा गाडी घेऊन घरी आला, टेबलावर ठेवली आणि चष्मा लावून पाहायला लागला. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर विटकरी लाल रंगाचा एकेक ठिपका होता. निळा गोंद खरवडून काढलेला. त्याने गाडी पिशवीत घातली आणि तडक वहिनींचं घर गाठलं.

वहिनींनी गाडी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा हसल्या. "माझं नेलपॉलिश," त्या म्हणाल्या. "ह्यांना गोंद कधी आवडला नाही. नेलपॉलिशने स्क्रू धरतोही आणि हलला तर दिसतोही, म्हणायचे. माझी अख्खी बाटली त्या दिवशी घेऊन गेले होते. मी भांडलेही होते त्यावरून." मग त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या, पुष्कळ रडल्या. धाकटा पाणी आणायला आत गेला आणि स्वयंपाकघरात उभा राहून त्यानेही डोळे पुसून घेतले.

"सोडून नाही गेले," वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "भाऊजी, सोडून नाही गेले हो."

खरं तर इथे थांबायला हवं होतं. जे विचारायला आले होते त्याचं उत्तर मिळालं होतं. पण उत्तर मिळाल्यावर गप्प बसेल तो माणूस कसला? वहिनींनी सोमवारी पोस्टात रजा टाकली आणि चिठ्ठी लिहिली. धाकट्याने ती हौद्यात बांधली, नवी दोरी लावली आणि गाडी आत सोडली.

ह्या खेपेला ती कलंडली नाही. दोरी रिळावरून सुटत राहिली. दगडांमध्ये रिमोटचा संदेश फार लांब जात नाही. सात-आठ हातांनंतर गाडीने जागीच थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. धाकट्याने खटका सोडला तरी दोरी सुटत राहिली. कचेरीच्या नकाशावर तो ढिगारा पुढून मागच्या भिंतीपर्यंत नऊ मीटर होता. दोरी बावीस मीटर आत गेली आणि मग सैल पडली. दोघांपैकी कुणीही उठून गेलं नाही.

तासाभराने गाडी बाहेर आली. चिठ्ठी नव्हती. पुढच्या चाकांच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, चढताना तोंड वर उचलू नये म्हणून. दादाच्या सगळ्या गाड्यांना तशा असायच्या. पट्ट्यांच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या.

"उत्तर?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"नसणारच. लग्नानंतर सहा महिने परगावी होते, एक ओळ लिहिली नाही. फक्त माझी मोडकी छत्री घेऊन गेले होते, ती दुरुस्त करून पार्सलने पाठवली." त्यांनी गाडीच्या चाकावरून बोट फिरवलं. "हेच उत्तर आहे त्यांचं."

मंगळवारी दुसरी चिठ्ठी गेली, बुधवारी तिसरी. दर खेपेला गाडी आणखी सुधारून परत यायची. कधी शॉकमधलं तेल बदललेलं, घट्ट घातलेलं. कधी पुढची चाकं आधीपेक्षा जास्त वळायला लागलेली. धाकटा प्रत्येक बदल तपासायचा आणि मनातल्या मनात दाद द्यायचा, कारण काम अव्वल होतं. भीती वाटत नव्हती असं नाही. गाडी उचलली की ती तळाला कोमट असायची, आणि तिला दादाच्या कामाच्या कपड्यांना यायचा तोच वास यायचा, तेलाचा आणि घामाचा. पण भावाचा वास आला म्हणून कोण पळून जातं?

त्याला खरी भीती वाटली ती वहिनींची. बुधवारी त्या शिवणाची टेप घेऊन आल्या होत्या. त्यांनी फटीची रुंदी मोजली आणि मग स्वतःच्या खांद्यांची मोजली. फट शनिवारी गुडघ्याएवढी होती. आता ती कमरेएवढी होती. कुठला दगड कधी सरकला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"वहिनी, असलं काही मनात आणू नका."

"गाडी जाते ना बावीस मीटर? मग मीही जाईन."

"वरची भिंत बघा जरा. हात लावला तरी येईल खाली."

"उद्याचा एकच दिवस आहे, भाऊजी. परवा काँक्रीट ओतलं की झालं. आत माझा माणूस आहे, आणि मी बाहेर बसून चिठ्ठ्या लिहू?"

रात्री त्याला नीट झोप लागली नाही. वहिनींना कसं अडवायचं ह्याचा तो विचार करत होता असं त्याने बायकोला सांगितलं, पण ते खोटं होतं. आपण आधी जायचं की त्यांना आधी जाऊ द्यायचं, ह्याचा तो विचार करत होता.

गुरुवारी दुपारी वहिनी जाड पँट घालून, केस घट्ट बांधून आल्या. धाकट्याने गुडघ्यांना बांधायला फोमचे तुकडे आणले होते, दोघांसाठी. म्हणजे काय ठरलं होतं ते न बोलताच ठरलं होतं. आधी गाडी दिवा लावून पुढे जाईल, तिच्या दोरीला धरून वहिनी, मागे तो.

गाडी आत गेली. वळणाआड तिचा उजेड दिसेनासा झाला. वहिनी फटीपाशी पोटावर झोपल्या आणि त्यांनी दोरी मुठीत धरली. धाकट्याने घड्याळ पाहिलं, उगाच, सवयीने.

सात मिनिटांत गाडी परत आली. बोलावली नव्हती तरी आली आणि वहिनींच्या तोंडासमोर, फटीच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली.

"वळवा ना हिला," वहिनी म्हणाल्या.

धाकट्याने रिमोटचा खटका दाबला. गाडी हलली नाही. मोटर गुरगुरली, गाडी जागच्या जागी थरथरायला लागली आणि तिच्या चाकांखालची बारीक खडी दोन्हीकडे उडाली. त्याने उलटा खटका दाबला. तेच.

"बाजूला सरकवा तिला, मी जाते," वहिनी म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडी बाजूला टाकली असती आणि तो आत शिरला असता. धाकट्याने गाडी उचलून कानाशी धरली आणि पुन्हा खटका दाबला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पुढची चाकं आत ओढतायत आणि मागची बाहेर," तो म्हणाला. "मागच्या आसातला गिअर उलटा बसलाय."

"म्हणजे?"

"आत एक मोठं दातेरी चाक असतं. ते ह्या बाजूला बसवायचं की त्या, हे नीट बघावं लागतं. चुकलं की दोन्ही आस एकमेकांच्या विरुद्ध फिरतात. नवशिके हमखास चुकतात. एक मिनिट थांबा वहिनी, हे असं नाही ठेवता येणार."

"भाऊजी, आत्ता?"

"हे असं नाही ठेवता येणार," तो पुन्हा म्हणाला. वहिनी उठून बसल्या, कारण त्यांनाही ते तसं ठेवणं जमणार नव्हतं. वीस वर्षं त्या असल्याच माणसाबरोबर राहिल्या होत्या. ढिगाऱ्यापासून वीस पावलांवर पाण्याची जुनी टाकी होती, तिचा कठडा सपाट होता. धाकट्याने तिथे रुमाल अंथरला. वहिनींनी ओंजळ धरली, तो एकेक स्क्रू काढून त्यांच्या ओंजळीत टाकत गेला. चाकं निघाली, जोड निघाले, आसाचं झाकण निघालं. ह्या कामाला त्याच्यासारख्या हाताला पाऊण तास लागतो. आत कुणीतरी ते सात मिनिटांत केलं होतं.

झाकणाखाली ताजं ग्रीस होतं, आणि गिअर खरोखरच उलटा होता.

"ह्यांच्या हातून चूक?" वहिनी हळूच म्हणाल्या. "दुसऱ्याच्या गाडीतली ही चूक हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे."

धाकटा काही म्हणणार होता. इतक्यात ढिगारा बसला. फार मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी जड पेटी जमिनीवर टेकवावी तसा एक दणका, मग वरून दगडांची घरंगळ, मग धूळ. वहिनींच्या ओंजळीतले स्क्रू तसेच राहिले. धूळ खाली बसली तेव्हा फटीच्या जागी खाटेएवढी एक सपाट शिळा होती, आणि जिथे वहिनी पोटावर झोपल्या होत्या तिथली खडी तिच्याखाली गेली होती.

मग वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चूक बघून पुढे जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं."

"तुम्हीही जाणार नाही, हेही," धाकटा म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना.

तो रडत असताना त्याचे हात आपोआप ग्रीस पुसत होते. गिअर त्याच्या तळहातावर होता. तो बरोबर बाजूला बसवायला दोन मिनिटं पुरली असती, आणि त्याची बोटं त्यासाठी शिवशिवत होती. त्याने गिअर जसा होता तसा, उलटाच, परत आत ठेवला. झाकण लावलं, वहिनींच्या ओंजळीतून स्क्रू घेतले आणि शेवटचा स्क्रू घट्ट होईपर्यंत पिळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चुकलेलं काम ठाऊक असून पुरं केलं.

शुक्रवारी सकाळी पंपाची गाडी फाटकात उभी होती. साहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर कागद पसरला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. वहिनींनी कागद वरपासून वाचला. त्यात नवऱ्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असं छापलेलं होतं. त्यांनी त्या शब्दावर सरळ रेघ ओढली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ह्याच खाणीत आहेत.'

"बाई, अशी खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले. "शिवाय तुम्हाला काय माहीत? आम्हाला नऊ दिवसांत काही मिळालं नाही."

"काल दुपारी त्यांनी मला आत येऊ दिलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी खाली सही केली.